पूर्व स्टँडची सातवी पायरी

१

कपाटाची काच शाबूत होती, कुलूप जागच्या जागी लटकत होतं, आणि आत कप नव्हता. फळीवर बोटभर धूळ आणि मधोमध एक स्वच्छ गोल, एवढाच काय तो कपाचा पुरावा उरला होता.

"फळी पुसायचं काम कुणाकडे असतं?" शिट्टीबाईंनी विचारलं.

"बाई, चोरी झालीय," मॅनेजर म्हणाले.

"ते दिसतंय मला. मी धुळीचं विचारतेय."

मॅनेजर खिडकीबाहेर बघायला लागले. धूळ त्यांच्याच खात्यात येत होती.

शिट्टीबाई म्हणजे निवृत्त रेफ्री. हे नाव त्यांना फुटबॉलच्या पाठीराख्यांनी ठेवलं होतं आणि ते काही प्रेमापोटी ठेवलेलं नव्हतं. पण आज त्यांना बोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. क्लबच्या मालकांना पोलीस नको होते, कारण पोलिसांच्या मागोमाग वर्तमानपत्रवाले येतात. पाठीराख्यांना मालकांचा माणूस नको होता. दोघांचं एकमत झालं ते फक्त बाईंवर. आयुष्यभर दोन्ही बाजूंनी त्यांना सारख्याच शिव्या घातल्या होत्या, तेव्हा त्या निःपक्षपाती असणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

कप साधासुधा नव्हता. क्लबने सबंध आयुष्यात जिंकलेला तो एकुलता एक कप. मालक बिस्किटांचे कारखानदार. त्यांनी क्लब विकत घेतला तेव्हा लोकांनी हार घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मग भर हंगामात सेंटर फॉरवर्ड विकला गेला. हिरवी जर्सी जाऊन करडी आली, कारण बिस्किटाचा पुडा करडा. मैदानाचं जुनं नाव पुसून त्या जागी एका क्रीम बिस्किटाचं नाव लागलं. संघ तळाला गेला आणि मालकांनी मुलाखतीत सांगितलं की आपण योग्य दिशेने चाललो आहोत. आता कप मुख्य कचेरीत नेऊन बिस्किटांच्या डब्यांशेजारी मांडणार अशी कुणकुण लागली होती, आणि गाव आतल्या आत धुमसत होतं.

कपाच्या खोलीला दोन वाटा होत्या. एक ऑफिसातून आतल्या जिन्याने. पण ऑफिस संध्याकाळी कुलूपबंद असे. दुसरी बाहेरून, पूर्व स्टँडच्या सिमेंटच्या पायऱ्यांवरून. या पायऱ्यांना काल दिवस मावळेपर्यंत नवा करडा रंग दिला होता. आज त्यांच्यावर ताडपत्री होती.

"सकाळी मी सगळ्यांच्या आधी आलो," मॅनेजर म्हणाले. "ओल्या रंगात ठसे दिसले. मी तेव्हाच ताडपत्री टाकली. रंगाऱ्यालाही बघू दिलं नाही. आता फक्त तुम्ही बघताय."

त्यांनी ताडपत्री वर धरली. गमबुटांचे ठसे होते. चढत गेलेले ठसे ठसठशीत होते, प्रत्येक पायरीवर एक, एकही पायरी सुटलेली नव्हती. सातवीसुद्धा नाही. ती बघून बाईंना कसंसंच झालं. उतरतानाचे ठसे घाईचे होते, फरफटलेले, मधूनच चढत्या ठशांवर पडलेले. ते बाईंनी वरवर बघितले.

"गमबूट मैदान सांभाळणाऱ्या किल्लीकाकांचे. त्यांच्या खोलीबाहेरच्या खुंटीवर सापडले, तळव्याला करडा रंग," मॅनेजर म्हणाले. "कपाटाची किल्ली काकांकडे. राहतातही इथेच, स्टँडच्या खाली. मालकांचा निरोप आहे, बाई. शनिवारच्या मॅचपर्यंत कप परत आला नाही, तर काकांनी खोल्या रिकाम्या करायच्या. आणि पुढचा सगळा हंगाम पूर्व स्टँड बंद."

२

किल्लीकाकांच्या दोन खोल्यांचं छत तिरकं होतं, कारण ते छत म्हणजेच पूर्व स्टँडच्या पायऱ्या. कोण वर चढतंय हे काकांना खाली बसून कळे. लग्न झाल्यापासून काकू याच छताखाली राहत होत्या आणि भिंतीच्या कडेला गेल्या की आपोआप मान वाकवत होत्या.

आज त्या जमिनीवर बसून भांडी वर्तमानपत्रात बांधत होत्या.

"शनिवार अजून यायचाय, काकू," बाई म्हणाल्या.

"शेवटच्या क्षणी धांदल नको," काकू म्हणाल्या, आणि पुढचं पातेलं ओढलं.

बाईंना तिथे बसवेना. फार वर्षांपूर्वी त्यांनी याच मैदानावर यजमान संघाविरुद्ध पेनल्टी दिली होती. बरोबर दिली होती, पण ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. स्टँड मैदानात उतरला तेव्हा काकूंनी त्यांना हाताला धरून याच स्वयंपाकघरात कोंडलं होतं, आणि दाराशी उभं राहून अख्ख्या जमावाला सांगितलं होतं की आत माझी बहीण आंघोळ करतेय. हे ऋण बाईंच्या डोक्यावर होतं. म्हणूनच त्यांनी आज मनाला बजावलं होतं की काकांनी चोरी केली असेल तर तसंच सांगायचं.

"काल संध्याकाळी काय झालं, काका?"

"रंगारी गेला. मी फाटक लावलं, पण मागचं दार नुसतं लोटलेलं असतं, ठाऊक आहे सगळ्यांना. मग अंधार पडता पडता वर पावलं वाजली. म्हटलं रंगारी काहीतरी विसरला असेल."

"पावलं कशी होती?"

काकांनी डोळे मिटले. "चढताना एकेक. सावकाश, मोजून मापून. उतरताना धडाधड."

"ओळखीची?"

"गमबुटात सगळे सारखेच. आपले जुने कॅप्टन नव्हते एवढं नक्की. त्यांचा गुडघा गेलेला, ते प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवतात. ठक-ठक, ठक-ठक. छप्पन्न माणसांत ओळखेन."

"आज सकाळी तुम्ही ठसे बघितलेत?"

"कुणी बघू देतंय? ताडपत्रीच्या जवळ गेलो तर मॅनेजर अंगावर आले." काका हसले, पण ते हसू काही गालांपर्यंत पोचलं नाही. "बाई, मालक म्हणतो तसं मी कप विकला असता, तर या खोल्यांत राहिलो असतो का?"

"ऑफिसच्या दाराची किल्ली आहे तुमच्याकडे?"

"सगळ्याच किल्ल्या आहेत. म्हणून तर नाव पडलं."

"कपाटाची आणखी कुणाकडे?"

"मॅनेजरकडे एक. आणि पाठीराख्यांच्या मंडळाची एक. ती भोंग्याच्या दुकानात खिळ्याला असते. कॅप्टनही दिवसभर तिथेच बसलेले असतात." काका थांबले, मग घाईने म्हणाले, "पण त्या दोघांचं नाव घेऊ नका. कॅप्टननी तो कप उचलला होता. आणि भोंग्या मला मुलासारखा."

काकूंनी सुतळीची गाठ मारली आणि ती दाताने आवळली.

३

भोंगा लाउडस्पीकर भाड्याने देई, पण त्याला नाव पडलं होतं ते त्याच्या स्वतःच्या गळ्यावरून. पूर्व स्टँडमधून त्याने आरोळी दिली की समोरच्या संघाचा गोलकीपर दचकत असे. पाठीराख्यांच्या मंडळाचा तो अध्यक्ष. दुकानात स्पीकरची खोकी छतापर्यंत रचलेली होती आणि त्यातल्याच एका खोक्यावर कॅप्टन पाय पसरून बसले होते.

"या बाई," कॅप्टन म्हणाले. "आमच्यावर आळ घ्यायला आलात ना? घ्या. माझं नाव फाटकावर होतं, ते काढून बिस्किटाचं लावलं. चोरी करायला याहून चांगलं कारण कुणाकडे असेल?"

"कारण चांगलं आहे, पण गुडघा वाईट आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही सुटलात."

कॅप्टनना सुटल्याचा आनंद व्हावा की गुडघ्याचा राग यावा ते कळलं नाही.

भोंगा मात्र उभाच होता. "बाई, सरळ सांगतो. हे मालकाचंच काम. कप कचेरीत न्यायचा होता त्याला. उघड नेला असता तर गाव पेटलं असतं, म्हणून चोरीचा देखावा केला. आणि बळी कुणाचा? काकांचा. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"असेल तसं. पण पुरावा?"

"पुरावा तर समोर आहे. सातव्या पायरीवर पाय ठेवलाय मेल्याने. आपल्यातला माणूस ठेवेल का? तुम्हीच सांगा."

कॅप्टननी मान खाली घातली.

सातव्या पायरीची गोष्ट गावात कुणाला सांगावी लागत नाही. क्लबने कप जिंकला त्या दिवशी खाली तिकिटाच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी मॅचची तिकिटं विकली आणि एकही मॅच बघितली नाही. त्या दिवशी शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा त्यांनी खिडकी लावली आणि पदर खोचून पायऱ्या चढायला लागल्या. सातव्या पायरीवर त्या खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. वर स्टँडमध्ये गोलची आरोळी उठली ती त्यांनी ऐकली की नाही, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. तेव्हापासून त्या पायरीवर कुणी पाय ठेवत नाही. लहान मुलंसुद्धा आईचा हात धरून ती ओलांडायला शिकतात. बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं आणि गाववाले सांगत नाहीत.

त्या तिकीटवाल्या बाई भोंग्याची आई.

"तू ठेवणार नाहीस, हे तर खरंच," बाई हळूच म्हणाल्या.

"कुणीच ठेवणार नाही."

"मंडळाची किल्ली?"

"ती काय खिळ्याला. कालपासून हललेली नाही." भोंग्याने बोट दाखवलं. बोट स्थिर होतं, आवाजही. "शनिवारी आम्ही मालकाला धडा शिकवणार. सगळं गाव फाटकावर आणतो की नाही बघा. त्याला क्लब विकून जावंच लागेल."

"आणि तोवर काका?"

"काकांना काही होत नाही. गाव आहे पाठीशी."

बाई निघाल्या. कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत चालत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. फुलवालीने दोनदा विचारलं काय देऊ म्हणून. बाईंना ते ऐकूच आलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता: ताडपत्रीखालची सातवी पायरी भोंग्याने बघितली कधी?

४

रेफ्रीचा एक नियम असतो. संशय कितीही येऊ दे, डोळ्यांनी बघितल्याशिवाय शिट्टी मारायची नाही. बाई आधी रंगाऱ्याकडे गेल्या. तो शाळेच्या भिंतीला चुना देत होता.

"मी काय बघणार?" तो शिडीवरून म्हणाला. "सकाळी गेलो तर पायऱ्यांवर ताडपत्री. साहेब म्हणाले, कुणीतरी रंग तुडवलाय, पुन्हा द्यावा लागेल. मी म्हटलं, दुसऱ्यांदा द्यायचे तर वेगळे पैसे. तिथेच बोलणं संपलं."

"सातव्या पायरीबद्दल काही म्हणाले?"

"सातवीला काय सोनं लागलंय?" रंगारी परगावचा होता.

मग बाई मॅनेजरांकडे गेल्या. मॅनेजर खिडकीशी उभे होते. फाटकाबाहेर माणसं जमली होती. दगड नाही, घोषणा नाही; नुसती हाताची घडी घालून उभी होती, जुन्या हिरव्या जर्सी घालून.

"आमच्या बिस्किटांवर असं प्रेम कुणी केलेलं नाही," मॅनेजर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडा हेवा होता. मूळचे ते कारखान्यातले. गवताने त्यांना शिंका येत आणि ऑफसाइड त्यांना अजून समजलेलं नव्हतं, पण माणूस वाईट नव्हता.

"ठशांबद्दल तुम्ही कुणाकुणाला सांगितलं?"

"मालकांना, फोनवर. तेही फक्त ठसे आहेत एवढंच. कोणत्या पायरीवर काय, ते कशाला सांगू? पायऱ्या सगळ्या सारख्याच."

सातव्या पायरीचं महत्त्व त्यांना माहीत नव्हतं, म्हणजे त्यांच्याकडून ते भोंग्यापर्यंत जाण्याचा प्रश्न नव्हता. रंगाऱ्याने काही बघितलं नव्हतं. काकांना जवळ फिरकू दिलं नव्हतं. बाईंनी स्वतः कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. पण भोंगा म्हणेल, अंदाजाने बोललो. मालकाचा माणूस असणार, म्हणजे पायरी तुडवणारच, असं वाटलं म्हणून बोललो. आणि कोणता मुलगा स्वतःच्या आईच्या पायरीवर गमबूट ठेवेल? सगळं गाव त्याच्याच बाजूने उभं राहील, आणि खोटं काय, बाई स्वतःही राहिल्या असत्या.

"ताडपत्री पुन्हा काढा," त्या म्हणाल्या. "या वेळी पूर्ण काढा."

चढतानाचे ठसे सकाळी बघितले होते तसेच होते. आता बाईंनी फक्त उतरत्या ठशांकडे बघितलं. गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, वरून एकेक पायरी. दहावी. नववी. आठवीवर उजव्या बुटाची टाच. त्यानंतरचा ठसा थेट सहावीवर होता, डाव्या बुटाचा, लांब पडलेला, जोराने रुतलेला.

सातवीवर उतरता ठसा नव्हता.

बाई तिथेच आठव्या पायरीवर बसल्या. रंग अजून नीट वाळला नव्हता आणि साडीला लागला, त्याचं त्यांना भान राहिलं नाही.

"सापडलं का काही?" मॅनेजरांनी विचारलं.

"सापडलं," बाई म्हणाल्या. "पण आधी मला एक शब्द द्या. चोर आपल्या पायांनी येऊन कबूल झाला आणि कप मिळाला, तर काकांच्या खोल्या काकांच्याच राहतील. आणि स्टँड बंद होणार नाही."

मॅनेजरांनी ऑफिसात येऊन खिडकीतून त्या हिरव्या गर्दीकडे बघितलं आणि फोन उचलला.

५

कॅप्टन जेवायला घरी गेले होते. भोंगा स्पीकरची वायर गुंडाळत बसला होता. बाईंनी स्वतःच खोकं ओढून घेतलं.

"तुला क्रमाने सांगते," त्या म्हणाल्या. "चुकलं तर टोक."

भोंग्याने वायर गुंडाळणं थांबवलं नाही.

"कप किल्लीने काढला. किल्ल्या तीन. मॅनेजर आणि काका या दोघांकडे ऑफिसचीही किल्ली आहे. ते आतल्या जिन्याने कोरड्या पायांनी गेले असते, ओल्या रंगात कशाला उतरतील? उरली तुमच्या मंडळाची किल्ली. ती घेऊ शकणारे दोघं. कॅप्टनचा गुडघा त्यांना एका पायरीवर एक पाय ठेवू देत नाही."

"तुम्ही म्हणाल, काकांनी मुद्दाम खोटा माग सोडला," भोंगा म्हणाला. "मालकही तेच म्हणेल."

"खोटा माग सोडणाऱ्याला तो दाखवायची घाई असते. काकांच्या मानेवर सुरी ठेवलीय, तरी त्यांनी सातव्या पायरीचं नाव काढलं नाही. कारण तिच्यावर ठसा आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. तो ठसा मॅनेजरांनी बघितला आणि मी बघितला. आणि सांगितलास तू."

वायर थांबली.

"अंदाज होता माझा."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून पुन्हा जाऊन बघितलं. चढताना चोराने सातवीवर नीट, ठसठशीत पाय ठेवलाय. लोकांनी म्हणावं, हा बाहेरचा आहे. पण उतरताना हातात कप होता, अंधार होता, मागे कुणी येईल ही भीती होती. तेव्हा डोकं काम करत नाही, पाय करतात. आठवीवरून पाय थेट सहावीवर गेला. बाहेरचा माणूस एकदा तुडवेल आणि एकदा ओलांडेल, असं होत नाही. हा माणूस लहानपणापासून ती पायरी ओलांडत आलाय. फक्त एकदाच त्याने ती तुडवली, ठरवून."

भोंग्याने वायर खाली ठेवली. मग त्याचा आवाज आला तो त्याचा वाटलाच नाही, इतका बारीक होता.

"चढताना त्या पायरीपाशी थांबलो होतो. आईला म्हटलं, माफ कर, क्लबसाठी करतोय. मग ठेवला पाय. उतरताना काय केलं ते मला आठवतसुद्धा नाही."

"कप कुठाय?"

त्याने कॅप्टन रोज बसत त्या खोक्याकडे बघितलं. बाईंना हसू आलं, तेवढ्याच वेगाने गेलं.

"मी चोर नाही, बाई," भोंगा म्हणाला. "चोर तो आहे. त्याने आमचा रंग नेला, खेळाडू विकले, आता कपही नेणार होता. तो रोज लुटतो आणि त्याच्यावर शिट्टी कुणी वाजवत नाही. मी एकदा हात लावला तर तुम्ही लगेच हजर."

त्यातलं निम्मं बाईंना पटत होतं.

"त्याच्यावर वाजवता येईल अशी शिट्टी माझ्याकडे नाही. असती तर कधीच वाजवली असती. पण समोरचा घाण खेळतो म्हणून आपला फाउल माफ होत नाही. आणि तुझा फाउल मालकाला लागलाच नाही, भोंग्या. तो काकांना लागला. गमबूट काकांचे होते. त्यांच्या खुंटीवरून घेतलेस, तिथेच टांगलेस."

"मला वाटलं संशय मॅनेजरवर जाईल. काकांचं नाव पुढे येईल हे डोक्यातच आलं नाही."

"सकाळी आलं ना? सकाळीच बोलायचंस."

"गाव पेटत होतं, बाई. पहिल्यांदाच सगळे एक झाले होते. म्हटलं, शनिवारपर्यंत थांबू. तेवढ्यात मालक वाकेल आणि काकांनाही काही व्हायचं नाही."

"काकू भांडी बांधताहेत," बाई म्हणाल्या. "मी बघून आलेय. सुतळीची गाठ दाताने आवळत होत्या."

भोंग्याने तोंड हातांत लपवलं. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, पण रडताना त्याचा काही म्हणजे काही आवाज आला नाही. बाई उठल्या, त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि दाराकडे वळल्या. मालकांनी फोनवर काकांबद्दल शब्द दिला होता आणि चोराला काय शिक्षा देणार तेही सांगितलं होतं, ते बाईंनी त्याला सांगून टाकलं. माणसाला कार्ड दाखवायचं तर तोंडावर दाखवावं.

"मॅच बघण्यावर बंदी. आयुष्यभर. मी कमी करून मागितली, मिळाली नाही. तू शनिवारी बोललास तर हे. न बोललास तर मी काही सांगणार नाही, पण काका जातील. ठरव."

६

शनिवारी स्टँड भरला होता. संघ मैदानात यायच्या आधी भोंग्याने स्वतःच्याच लाउडस्पीकरचा माइक हातात घेतला. लोकांना वाटलं, आता मालकाचं काही खरं नाही. टाळ्या सुरू झाल्या.

"कप मी घेतला होता," तो म्हणाला.

टाळ्या इकडून तिकडे विझत गेल्या. त्याने सगळं सांगितलं, सातवी पायरीसुद्धा, दुकानात बाईंना ऐकवलेली संन्याशाची म्हणसुद्धा. काहीही झाकलं नाही आणि स्वतःची बाजूही मांडली नाही. मग त्याने कप स्टँडच्या कठड्यावर ठेवला आणि म्हणाला, "काकांची माफी मागतो. मालकांची मागत नाही."

समोरच्या बाजूला मालक आपल्या खास खुर्चीतून उठले. त्यांनाही बोलायचं होतं. सत्याचा विजय वगैरे. त्यांनी माइकला हात घातला आणि पूर्व स्टँडने पाठ फिरवली. कुणी इशारा केला नव्हता, कुणी ओरडलं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या म्हातारीपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळे मैदानाकडे पाठ करून उभे राहिले, आणि मालक त्या हिरव्या पाठींना सत्याचा विजय समजावून सांगत राहिले. मॅनेजर खाली बघून नाक पुसत होते. ती गवताची शिंक होती की आणखी काही, हे बाईंना इतक्या लांबून कळलं नाही.

भोंगा पायऱ्या उतरून फाटकाकडे निघाला. त्याला बाहेर घालवून फाटक लावायचं काम अर्थातच किल्लीकाकांचं होतं.

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. भोंगा बाहेर गेला. काकांनी फाटक ओढलं, किल्ली फिरवली, कुलूप हलवून बघितलं. काम त्यांनी रोजच्यासारखं नीट केलं. पत्र्याच्या फाटकातून पलीकडचा माणूस दिसत नव्हता.

"काका," बाहेरून आवाज आला.

काकांनी किल्ली जुडग्यात अडकवली.

"काका, चुकलो."

"माझी बायको संसार बांधत होती," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आणि तू दुकानात बसून मला संन्यासी म्हणत होतास. मुलगा म्हणत होतो मी तुला."

आत मॅच सुरू झाली होती. पूर्व स्टँडमधून एक मोठा सुस्कारा उठला, मग गलका. काकांनी वळून बघितलं. जायची वेळ झाली होती. आयुष्यात एकही मॅच त्यांनी चुकवली नव्हती. ते दोन पावलं गेले, थांबले, आणि परत आले. फाटकाशी एक उलटी बादली पडली होती, तिच्यावर बसले. तिथून मैदानाची एक बारीकशी फट दिसत होती.

पत्र्यापलीकडे भोंगा अजून गेलेला नव्हता. त्याचा श्वास ऐकू येत होता. गलका पुन्हा वाढला.

"काय झालं?" त्याने विचारलं, न राहवून.

काकांनी पाठ पत्र्याला टेकवली. फटीतून मैदानाकडे बघत राहिले. बाईंना वाटलं, उत्तर देणार नाहीत.

"कॉर्नर मिळालाय," काका म्हणाले. "आपल्याला."